गामा हाउसची शपथ

यम्ना कॅप्टन झाली त्या संध्याकाळी ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावत वर आली. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "आजी, आय वॉन," आणि चपला काढायचं विसरून तशीच आत शिरली.

यम्ना म्हणजे मुश्ताक आणि शहरबानूची मुलगी. अल मजाजला आमच्याच टॉवरमध्ये, आमच्या खाली राहते. आठवीत आहे, माझा नातू तन्मय तिच्याच वर्गात. दापोलीच्या शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले आणि राजनकडे, माझ्या मुलाकडे, इथं शारजाला आले. संध्याकाळी टॉवरमधली चार-पाच पोरं आमच्या हॉलमध्ये जमतात. त्यांना मराठी वाचायला शिकवते, गोष्टी सांगते, त्यांच्या शंका ऐकते. त्यांचे आईबाप याला ट्यूशन म्हणतात. म्हणोत बापडे.

त्यांच्या शाळेत चार हाउस आहेत आणि चारही दर्यावर्दींच्या नावांची. कोलंबस, मॅजेलन, कुक आणि दा गामा. पोरं नुसतं गामा हाउस म्हणतात. हिरवा टी-शर्ट, हिरवा झेंडा, झेंड्यावर शिडाचं जहाज आणि शिडावर लाल क्रूस. दर वर्षी इन्व्हेस्टिचर नावाचा समारंभ होतो. हाउसचा नवा कॅप्टन झेंड्यावर हात ठेवून आपल्या दर्यावर्दीच्या नावानं शपथ घेतो आणि मग त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोलतो. या समारंभाला सगळी पोरं कोट आणि टाय घालतात. बाहेर पंचेचाळीस डिग्री असतं. तरी कोट, कारण इंग्लंडात थंडी असते.

"आजी, माझी प्रॅक्टिस घ्या," यम्ना म्हणाली. "शपथ पाठ आहे. स्पीच लिहायचंय. ही डिस्कव्हर्ड इंडिया, हे तर सगळेच म्हणतात. काहीतरी वेगळं सांगा ना."

"भारत हरवला होता का?" मी विचारलं.

"त्याच्याकडे गूगल मॅप नव्हता," तन्मय सोफ्यावरून म्हणाला.

यम्ना हसली नाही. तिचं डोकं चालू झालं की ती हसत नाही. "माझे नाना सांगायचे, आमची माणसं दाभोळवरून एडनला, मस्कतला कधीपासून जात होती. मग यानं डिस्कव्हर काय केलं?"

"त्याच्या लोकांना वाट सापडली. तीही इकडच्याच वाटाड्यानं दाखवली."

"ओके. मग परत गेला?"

"गेला. आणि चार-पाच वर्षांनी तोफा घेऊन पुन्हा आला."

"तोफा कशाला?"

माझा एक नियम आहे. पोरानं विचारल्याशिवाय मी जड गोष्ट सांगत नाही आणि विचारल्यावर खोटं सांगत नाही. नोकरीत हा नियम मला काही वेळा महागात पडला, पण सोडला नाही. मी तिला सांगितलं. मलबारच्या किनाऱ्याबाहेर त्यानं एक जहाज अडवलं. हजहून परतणारं. त्यावर शेकडो माणसं होती, बायका होत्या, पोरं होती. आधी जहाजावरचा माल उतरवून घेतला आणि मग माणसांसकट जहाज पेटवायचा हुकूम दिला. बायकांनी आपली तान्ही बाळं वर धरून त्याला दाखवली, दया यावी म्हणून. त्याला ती दिसत होती. हे कुणा शत्रूनं लिहिलेलं नाही, त्याच्याच ताफ्यातल्या माणसानं लिहून ठेवलंय.

यम्नाच्या हातात पाण्याची बाटली होती. ती तिचं झाकण लावत होती आणि काढत होती.

"माझी नानी लास्ट इयर हजला गेली होती," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. जमजमचं पाणी दिलं होतं तिनं मला."

"आणि त्याच्या नावानं मी शपथ घ्यायची?"

तो प्रश्न मला विचारलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत टीचरना दोन गोष्टी विचारल्या. शपथ हाउसच्या नावानं घेतली आणि त्या माणसाचं नाव गाळलं तर चालेल का, आणि भाषणात जहाजाची गोष्ट सांगितली तर चालेल का. संध्याकाळी मुश्ताक आमच्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, काय सांगितलंत पोरीला?"

"तिनं विचारलं ते."

"विचारलेलं सगळं सांगायचं नसतं, बाई. माझे साहेब रोज विचारतात, कन्साइनमेंट कुठं अडकली. मी म्हणतो, इन्शाल्ला उद्या सुटेल."

"आणि सुटते?"

"नाही सुटत. पण माझी नोकरी टिकते." तो क्लिअरिंग एजन्सीत आहे, बंदरावर. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "त्या बॅजसाठी पोरगी मरमर मेलीय. डिबेट, रिले, सगळं. शाळेतून फोन आलाय, उद्या या म्हणून. तुम्ही बसल्या बसल्या खलास केलंत सगळं."

"मी येते तुझ्याबरोबर."

"नको, बाई. हात जोडतो."

"येते म्हटलं ना."

शाळेच्या सुपरवायझर होत्या रिद्धी मॅडम. पुण्याच्या, तरुण, बोलायला गोड. ऑफिसात एसी एवढा गार की मला पदर खांद्यावरून घ्यावा लागला. त्यांनी चहा मागवला. यम्ना कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली होती.

"आजी, आय टोटली अंडरस्टँड," रिद्धी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही स्वतः टीचर होतात. पण हे फक्त नाव आहे. आमच्यासाठी ते स्पिरिट ऑफ एक्स्प्लोरेशन आहे. मुलांनी अननोनकडे जावं, प्रश्न विचारावेत."

"मग हिनं तेच केलं की."

"हो, पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. इन्व्हेस्टिचरला चीफ गेस्ट येतात, पेरेंट्स येतात."

"ही नावं ठेवली कुणी?"

"आमच्या फाउंडर सरांनी. ते हिल स्टेशनच्या बोर्डिंग स्कूलमध्ये शिकले. तिथं हीच हाउसेस होती. ती शाळा इंग्रजांनी काढलेली, व्हेरी ओल्ड. ट्रॅडिशन आहे ते."

म्हणजे एका इंग्रजानं कधीतरी डोंगरावर शाळा काढली. आपल्या देशात शोभणारी नावं तिथल्या पोरांना चिकटवली. त्यातला एक पोरगा मोठा झाला, श्रीमंत झाला, या वाळवंटात आला आणि त्यानं तीच नावं, तेच कोट, तीच शपथ जशीच्या तशी आणून मांडली. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. इंग्रज तर कधीच निघून गेले. मला दा गामाचा राग येत नव्हता. तो लुटायला आला होता आणि लुटून गेला. राग येत होता तो झेंडा शिवून घेणाऱ्या आपल्याच माणसांचा.

रिद्धी मॅडमच्या मागच्या भिंतीवर एक फोटो होता. हिरवे टी-शर्ट घातलेली पोरं, मागं समुद्र आणि टेकडीवरचा बुरूज. मी तो बुरूज ओळखला. गेल्या थंडीत टॉवरमधल्या सगळ्यांची खोर फक्कानला सहल गेली होती, तेव्हा मी गुडघे धरत तिथवर चढले होते.

"ही खोर फक्कानची ट्रिप ना?" मी विचारलं.

"हो, हाउस पिकनिक. मुलांना फार आवडली."

"तो बुरूज कुणाचं स्मारक आहे?"

त्यांनी मान वळवून पाहिलं. "लोकल हेरिटेज आहे काहीतरी."

"पोर्तुगिजांशी लढून मेलेल्या लोकांचं आहे. गामाच्या मागोमाग आलेल्यांनी ते गाव जाळलं. माणसांची नाकं कापली, कान कापले. पुढच्याच वर्षी आमचं दाभोळ जाळलं. आणि तुम्ही त्या स्मारकासमोर पोरांना गामाचा शर्ट घालून उभं केलंत आणि म्हणालात, स्माइल."

मुश्ताकनं माझ्याकडे पाहिलं. दाभोळ त्याचं गाव.

रिद्धी मॅडमचा आवाज तसाच गोड राहिला. फक्त त्या आता माझ्याशी बोलत नव्हत्या. "मिस्टर मुश्ताक, मला तुमच्या फीलिंग्ज कळतात. पण प्लीज, आपण हे रिलिजियस नको करू या. इथं सगळ्या कम्युनिटीची मुलं आहेत."

मुश्ताक तोपर्यंत येस मॅडमशिवाय एक शब्द बोलला नव्हता. त्यानं कुठलीच भावना सांगितली नव्हती. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि ते हात त्यानं हळूच मिटले.

मी उठून उभी राहिले. वर्गात मी कधी आवाज चढवला नाही आणि तिथंही चढवला नाही, फक्त खुर्चीची पाठ धरली.

"जहाजावरच्यांचा धर्म कोणता हे जाळणाऱ्यानं बघितलं होतं, या पोरीनं नाही. हिनं एवढंच विचारलं की पोरं जाळणाऱ्याचं नाव गाळलं तर चालेल का. हेच माझ्या तन्मयनं विचारलं असतं तर तुम्ही मला म्हणाला असतात, किती हुशार आहे तुमचा नातू."

चहा आला, कुणी घेतला नाही.

"रूल सिंपल आहे," रिद्धी मॅडम शेवटी म्हणाल्या. "शपथ आहे तशी घ्यायची आणि स्पीच आम्ही देऊ ते करायचं. नाहीतर व्हाइस कॅप्टनला प्रमोट करावं लागेल. यम्ना बेटा, तूच डिसाइड कर."

यम्नानं बापाकडे पाहिलं. मुश्ताक जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता तो म्हणेल, घे बेटा, शपथच आहे. तो म्हणाला, "तुला विचारलंय ना? तूच सांग."

"आय वॉन्ट टु बी कॅप्टन," यम्ना म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण तिनं वाक्य पुरं केलं. "बट आय कान्ट से हिज नेम."

परत येताना सिग्नलला मुश्ताक आरशातून बघत म्हणाला, "बाई, बेल्ट लावा," एवढंच.

व्हाइस कॅप्टन कोण होता हे मला माहीत होतं. तो माझाच नातू हे रिद्धी मॅडमना बहुतेक माहीत नव्हतं, आणि मी त्याचं नाव घेतलं तरी त्यांना ते कळलं नसावं. संध्याकाळी राजन ऑफिसातून आला तो फोन हातात धरून, हसत. "आई, आपला तन्मय कॅप्टन. ऑफिशियल मेल आलाय."

"कुणाच्या जागी?"

त्याचं हसू गेलं. "मला माहीत आहे सगळं. मुश्ताक भेटला लिफ्टमध्ये. बॅड लक त्या मुलीचं. पण नाहीतर ते तिसऱ्या कुणाला देणारच ना?"

"देतील."

"आई, तो माणूस पाचशे वर्षांपूर्वी मेला."

"मग त्याच्या नावानं शपथ कशाला घ्यायची? मेलेल्याला सोडा की."

"हे बघ, मी इथं कसा राहतो, काय काय गिळतो, ते तुला नाही कळायचं. ऑफिसात माझ्या हाताखालून शिकलेला गोरा पोरगा माझ्यावर मॅनेजर म्हणून बसलाय. मी काही बोलतो? माझ्या मुलाला पुढं जायचं असेल तर ही सर्टिफिकेट्स लागतात. तू तन्मयला काही सांगणार नाहीस. प्रॉमिस?"

त्याच्या तोंडून ती गोऱ्या पोराची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. त्याला त्याचा राग आला नव्हता. त्याला राग माझा आला होता.

"मी आपणहून काही सांगणार नाही," मी म्हणाले.

जेवणानंतर तन्मय माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत राहिला. मग इंग्रजीत विचारलं, बाळांचं ते खरं आहे का.

"खरं आहे."

"शुड आय से नो?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. माझ्या आयुष्यात एवढं मोठं आणि एवढं तयार उत्तर जिभेवर आलं नव्हतं. पण पोराच्या तोंडात आपलं वाक्य घालायचं, हेच तर ती शाळा करत होती. मी गिळलं.

"ते मी नाही सांगणार, बाळा."

"दॅट्स नॉट फेअर, आजी."

"नाहीच आहे."

तो रागानं उठून गेला. थोड्या वेळानं बाहेरचं दार वाजलं. मी गॅलरीत जाऊन खालच्या खाडीतलं पाणी बघत उभी राहिले. तो खालच्या मजल्यावर गेला होता, यम्नाकडे. परत आला तेव्हा मी काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही.

गुरुवारी समारंभ झाला. मोठा हॉल, बँड, कोट घातलेली पोरं पाय आपटत आत आली. पुढच्या रांगांत छोटी बसवली होती, आपापल्या हाउसच्या रंगात. यम्ना चौथ्या रांगेत होती, समोर बघत. राजन माझ्या शेजारी फोन उभा धरून शूटिंग करत होता.

तन्मयचं नाव पुकारलं. तो वर गेला, झेंड्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. पूर्ण घेतली. दा गामाचं नाव त्यानं स्वच्छ, ठणठणीत घेतलं. शब्द कसा खाली न पाडता टोकापर्यंत न्यायचा हे मीच त्याला शिकवलं होतं. राजननं एका हातानं माझा हात दाबला. मी हात काढून घेतला.

मग दोन मिनिटांचं भाषण. तन्मयनं खिशातून शाळेनं दिलेला कागद काढला, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहिते.

तो म्हणाला, "हे भाषण यम्नानं तयार केलंय. मी फक्त बोलतोय, कारण तिला स्टेजवर येऊ दिलं नाही. आमच्या हाउसला ज्याचं नाव आहे तो आपल्याकडे तीनदा आला. दुसऱ्यांदा त्यानं एक जहाज थांबवलं. ती माणसं हजहून घरी चालली होती. त्यांनी त्याला सगळं देऊ केलं. तरी त्यानं जहाजाला आग लावायला सांगितली. आयांनी आपली बाळं वर धरली, त्याला दिसावीत म्हणून. त्याला दिसली."

इथं तो थांबला. पुढं बोलायला त्याला श्वास पुरेना. चौदा वर्षांचं पोर ते.

आणि पुढच्या रांगांतली हिरव्या शर्टातली सगळी छोटी पोरं एकदम उभी राहिली आणि मुठी वर करून ओरडली, गामा, गामा, गामा.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चीफ गेस्टनीही वाजवल्या. रिद्धी मॅडमनी सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांचे हात हवेत राहिले. बँडनं ठरल्याप्रमाणे सूर धरला. तन्मय माइकसमोर तोंड उघडं टाकून उभा होता. कुणीतरी येऊन त्याला खांद्याला धरून खाली नेलं. माझ्या आजूबाजूचे आईबाप अजून टाळ्या वाजवत होते. मी त्या हातांकडे बघत बसले. त्या हॉलमध्ये मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या हातांचा.

तन्मयचा बॅज त्याच दिवशी परत घेतला. कॅप्टन आता तिसरंच कुणीतरी आहे. राजन माझ्याशी बोलत नाही, मीठ हवं असलं तरी सुनेकडे मागतो. मीही बोलायला गेले नाही. त्यानं पोराला एक शब्द विचारला नाही, की तुला कसं वाटलं. नुसतं म्हणाला, व्हिडिओ डिलीट केलाय.

दोन दिवसांनी मुश्ताक डबा घेऊन आला. "शहरबानूनं सांदणं पाठवलीत." या वेळी आत आला, बसला. डबा टीपॉयवर ठेवून म्हणाला, "बाई, दाभोळचंही खरं?"

"खरं."

"मी तिथं दहावीपर्यंत शिकलो. कुणी सांगितलं नाही."

"पुस्तकात एवढंच होतं की त्यानं सागरी मार्ग शोधला," मी म्हणाले. "मार्कही त्यालाच होते."

तेवढ्यात पोरं आली. यम्ना, तन्मय आणि सातव्या मजल्यावरची ईश्वरी. ईश्वरी चौथीत आहे, गामा हाउसमध्ये. त्या दिवशी पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी तीच होती, मी पाहिलं होतं. तिला जवळ बसवून मी विचारलं, "का गं ओरडलीस?"

"पीटीच्या सरांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कॅप्टन थांबला की ओरडायचं. आठवडाभर प्रॅक्टिस होती."

"दादा काय सांगत होता, ऐकलंस का?"

"नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कधी थांबतो ते."

मुश्ताक निघायला उठला होता, तो पुन्हा बसला. यम्नानं ईश्वरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांतला राग मला ओळखीचा होता. आठवडाभर तो माझ्याही मनात होता आणि अजून उतरलेला नाही.

"यम्ना, तू सांग तिला," मी म्हणाले. "सावकाश. मराठीत."

यम्ना ईश्वरीसमोर मांडी घालून बसली आणि सांगू लागली. शब्द अडला की तन्मय पुरवत होता. जहाज कुठून निघालं, त्यावर कोण कोण होतं, किनारा किती जवळ आला होता. बाळांपाशी आल्यावर यम्ना थांबली.

ईश्वरीचं तोंड सवयीनं उघडलं. मग तिनं ते मिटलं.